वीसच्या वेगातली मोठी गाडी

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यानं सावद्याहून फैजपूरकडे निघालं की केळीच्या दिवसांत पुढं ट्रॅक्टर असतोच. ट्रॉलीत रचलेले घड, समोरून एसटी, कडेला म्हशी. वेग पंधरा ते वीस. शंभर सीसीच्या गाडीवाल्याला त्याचं काही वाटत नाही. दोन सिलिंडरची, आठशे सीसीची, ८५ हॉर्सपॉवरची मोटारसायकल मात्र नेमकी याच वेगात माणसाची परीक्षा घेते. रेसची मूठ मिटली की गाडी गपकन अडते, जरा उघडली की पुढं उडी घेते. परत मिटा, परत अडते. फैजपूर येईपर्यंत उजवं मनगट दुखायला लागतं आणि डोकं तापतं ते वेगळंच.

ही गाडी मी सेकंडहँड घेतली. भुसावळ–जळगावच्या चौपदरी रस्त्यावर तिच्याबद्दल एक अक्षर वाईट बोलावं असं काही नव्हतं. ऐंशी-नव्वदला इंजिन निवांत, गाडी रेषेत. सगळी तक्रार तीसच्या खालची. मागं बायको बसली की प्रत्येक गचक्याला तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं. तिनं शेवटी सांगून टाकलं, लांब जायचं असेल तर येते, गावातून जायचं असेल तर स्कुटी काढा.

आपल्या भागात आता पोरं मोठ्या गाड्या घ्यायला लागली आहेत. त्यांना सगळीकडून एकच उत्तर मिळतं: मोठ्या गाड्या अशाच असतात, सवय होईल. हे उत्तर मला मान्य नाही. त्रास नुसता कंटाळ्याचा असता तर गोष्ट वेगळी. पण यू-टर्न घेताना हँडल पूर्ण वळलेलं असतं, गाडी झुकलेली असते, वेग दहाचा असतो. अशा वेळी इंजिनानं आचका दिला तर सव्वादोनशे किलोची गाडी पायानं सावरता येत नाही. घाटातल्या वळणावर तोच आचका गाडी समोरच्या लेनमध्ये नेतो. म्हणून मी हे काम मनावर घेतलं. त्यातून जे हाती आलं ते इथं सविस्तर लिहितो आहे.

सल्ले आधीच भरपूर मिळाले होते. कुणी म्हणालं, कम्प्युटरचा मॅप, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं त्याचा तक्ता, बदलून घ्या. कुणी म्हणालं, सायलेन्सर बदला, फिल्टर मोकळा टाका. यातल्या कशालाच मी हात लावला नाही. सायलेन्सर आणि फिल्टर मोकळे केले की इंजिनात हवा जास्त जाते, आणि पेट्रोलचं प्रमाण त्या मानानं वाढवलं नाही तर मिश्रण आणखी सुकं होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. कमी वेगातले गचके सुक्या मिश्रणानं वाढतात, कमी होत नाहीत.

भुसावळला एक वयस्कर मिस्तरी आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी गाडी आधी चालवूनही पाहिली नाही. डबल स्टँडवर लावली आणि मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवलं. चाक हलायचं, पण स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, जागच्या जागी, आणि मग कुठंतरी ठक्क. पुन्हा मागं, पुन्हा ठक्क. ते मला म्हणाले, "भो, कम्प्युटरले हात लावाच्या आधी ढील पाहू. कुठी कुठी ढील हाये ते मोजू, मंग बाकीचं."

पुढचं सगळं काम या एका वाक्याभोवती फिरलं. मूठ फिरवल्यापासून मागचं चाक रस्त्याला रेटेपर्यंत मधे बऱ्याच गोष्टी आहेत: मुठीतली नळी, रेसची वायर, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी नळी), गिअरबॉक्सचे दाते, चेन, आणि मागच्या चाकातले रबर. प्रत्येक ठिकाणी थोडी ढील असते, ती लागतेच. पण सगळ्यांची ढील वाढत गेली की बेरीज मोठी होते. मूठ मिटलेली असताना चाक इंजिनाला ओढतं, तेव्हा चेनची खालची बाजू ताणलेली असते. मूठ उघडली की इंजिन चाकाला ओढू लागतं आणि ताण वरच्या बाजूला येतो. या अदलाबदलीत मधली सगळी ढील एका झटक्यात संपते, आणि ती संपते तो क्षण म्हणजे गचका. ट्रॅक्टर-ट्रॉलीची पिन झिजलेली असली की ट्रॉली उतारावर ढकलते आणि चढावर हिसका देते, तेच इथं चेनमध्ये होतं.

आप्पांनी सुरुवात मुठीपासून केली. माझ्या गाडीला रेसच्या दोन वायरी आहेत, एक उघडायची, एक मिटायची. मूठ दोन बोटांत धरून त्यांनी ती अगदी सावकाश फिरवली, आणि इंजिनाचा आवाज बदलेपर्यंत मूठ किती फिरते ते कडेच्या रिंगवर खुणेनं मोजलं. बहुतेक गाड्यांना ही मोकळी चाल २ ते ३ मिलिमीटर असावी असं सांगितलेलं असतं. माझी त्याच्या दुपटीहून जास्त होती. म्हणजे मी मूठ फिरवायचो, काहीच व्हायचं नाही, म्हणून आणखी फिरवायचो, आणि मग एकदम जास्तच व्हायचं. हाताचा काही दोष नव्हता, हाताला खबरच उशिरा मिळत होती.

लॉक नट सैल करून वायरची चाल कमी केली. मग त्यांनी इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, उजवीकडे पूर्ण वळवलं, आणि आरपीएमच्या काट्याकडे बघत राहिले. वायर जास्त ताणली तर हँडल वळवताना रेस आपोआप चढते, आणि यू-टर्नमध्ये असं झालं तर गाडी हातातून जाते. घरी वायर ॲडजस्ट करणाऱ्यांनी ही तपासणी अजिबात सोडू नये. त्याच वेळी मूठ काढून आतली प्लास्टिकची नळी साफ केली. त्या नळीत कापसाचे तंतू आणि काळी माती यांचा अक्षरशः लेप बसला होता. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत रस्त्यावर हे दोन्ही उडत असतं, आणि मुठीच्या टोकाच्या फटीतून ते आत शिरतं. नळी साफ झाल्यावर मूठ सोडली की टच्चकन मिटायला लागली. आधी ती अर्ध्यात रेंगाळायची.

चेनचं काम तसं सोपं, पण इथं एक बारीक गोष्ट कळली. माझ्या गाडीच्या पुस्तकात चेनची ढील ३५ ते ४५ मिलिमीटर सांगितली आहे, लांब सस्पेन्शनची गाडी असल्यामुळं जरा जास्त. आप्पांनी एकाच ठिकाणी न मोजता चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी मोजलं. एका जागी ढील बरोबर होती, समोरच्या बाजूला साठच्या वर. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. अशा वेळी सगळ्यात घट्ट जागा धरून ढील ठरवायची, सैल जागा धरून नाही. नाहीतर घट्ट जागा आली की मागचं सस्पेन्शन दबताना चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ओढत राहते. गचके जावेत म्हणून चेन तुणतुण्याच्या तारेइतकी ताणणारे मी पाहिले आहेत. त्यांना पुढं बेअरिंगचा खर्च येतो.

मग ते ठक्क. मागच्या चाकाच्या ड्रममध्ये स्प्रॉकेट आणि चाक यांच्यामधे रबराचे ठोकळे असतात. इंजिनाचा धक्का त्यांनी आधी सोसायचा आणि मग चाकाला द्यायचा, एवढंच त्यांचं काम. माझ्या गाडीतले रबर हातात घेतले तर लाकडासारखे कडक आणि कडेला झिजून गोल झालेले. भुसावळच्या मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो, गाडी उन्हात उभी असते, वयही झालेलं. नवे रबर मागवले, पण ते यायला वेळ होता. तोवर आप्पांनी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठोकळ्यांच्या फटीत घट्ट बसवल्या. हा तात्पुरता इलाज, पण त्यानंच फरक इतका पडला की भुसावळहून घरी येताना तापीच्या पुलावरच्या गर्दीत मी पहिल्यांदा क्लच न दाबता दुसऱ्या गिअरवर चाललो.

आता उरलं इंजिन. यांत्रिक ढील काढल्यावरही मूठ पूर्ण मिटून परत उघडताना एक छोटा झटका राहिला होता. तो कुठून येतो ते समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. इंजेक्शनच्या गाडीत मूठ पूर्ण मिटली आणि आरपीएम आयडलिंगच्या, म्हणजे मूठ न उघडता इंजिन नुसतं चालू असतं त्या फेऱ्यांच्या, बराच वर असला, की कम्प्युटर पेट्रोल बंदच करतो. त्यानं पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो. पण त्या वेळात इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या, नळीच्या आतल्या भिंतीवर असलेला पेट्रोलचा ओलावा सुकून जातो. तुम्ही मूठ उघडता तेव्हा आलेलं पहिलं पेट्रोल आधी ती भिंत ओली करण्यात जातं, म्हणून क्षणभर काही नाही, आणि मग एकदम ताकद. त्यात थ्रॉटलची पाकळी चाळीस मिलिमीटरच्या वर व्यासाची. ती मिटलेल्या स्थितीतून एखादा अंश उघडली तरी हवा आधीच्या मानानं बरीच वाढते. हेच एक अंश उघडणं अर्ध्या मुठीवर असताना जाणवतही नाही.

धुराचे नियम कडक होत गेले तसं कमी रेसवरचं मिश्रण सुकं ठेवलं जाऊ लागलं. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ला सगळ्या नव्या गाड्यांना बीएस-४ आणि १ एप्रिल २०२०ला बीएस-६ लागू झालं. हवा स्वच्छ राहावी ही गोष्ट मला मनापासून पटते, म्हणून ते नियम चुकवणारा मॅप टाकायचा विचार मी केला नाही. इंजिनाचा हा स्वभाव आहे असं धरून त्याच्याभोवती काम करायचं ठरवलं.

तरी एक काम होतंच. दोन सिलिंडरच्या दोन थ्रॉटल बॉडी. त्यांच्या पाकळ्यांच्या मागं काजळीचा थर होता, तो क्लीनर आणि मऊ कापडानं काढला. मग दोन्ही सिलिंडर सारखीच हवा ओढतात का, ते बघायचं होतं. आप्पांकडे त्याचं गेज नव्हतं. त्यांनी दुकानाशेजारच्या गवंड्याकडून पाण्याची लेव्हल बघायची पारदर्शक नळी आणली, चांगली लांब. तिचा यू आकार करून पत्र्याच्या दाराला बांधली, तळाशी टू-स्ट्रोकचं तेल भरलं, आणि दोन टोकं जुन्या व्हॅक्यूम पाइपचे तुकडे लावून दोन थ्रॉटल बॉडीच्या व्हॅक्यूमच्या तोंडांना जोडली. इंजिन सुरू केलं तसं डाव्या बाजूचं तेल सरसर वर चढायला लागलं. डावं सिलिंडर जास्त ओढत होतं. नळी लांब ठेवायची ती यासाठीच, नाहीतर तेल थेट इंजिनात जातं. आप्पांचा एक हात किल्लीवरच होता. इंजिन बंद, हवेचा स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवला, पुन्हा सुरू. असं करत करत दोन्ही बाजूंचं तेल एका रेषेत येऊन थरथरत उभं राहिलं. आयडलिंगचा आवाज त्याच क्षणी बदलला. पुस्तकातल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला त्यांनी आयडलिंग ठेवलं, कारण आयडलिंग अगदी खाली असलं की मूठ मिटताना इंजिन जास्त जोरात अडतं.

माझ्या पुतण्याची गाडी नवी आहे. तिला रेसची वायरच नाही, मुठीत सेन्सर आणि थ्रॉटलला मोटर. रेन मोड लावला की मुठीची सुरुवात मवाळ होते, आणि गावातून जाताना तो तेवढ्यासाठी रेन मोड लावतो, भर उन्हाळ्यातसुद्धा. चांगली सोय आहे. पण चेन आणि रबर त्याच्या गाडीलाही आहेत, आणि मोड कुठलाही असला तरी चेनची ढील काही कमी होत नाही. ती त्याला मी मोजून दाखवली.

यंत्राचं काम झालं, उरलेलं काम हाताचं. उसाचा हंगाम नसताना कारखान्याकडे जाणारा रस्ता सकाळी मोकळा असतो. तिथं मी सराव केला. पहिली गोष्ट मूठ धरायची. पूर्ण पंजानं आवळून धरली की खड्ड्यात हात हलतो आणि हाताबरोबर रेस हलते, रेसनं गाडी हलते, गाडीनं पुन्हा हात. हे चक्र तोडायला अंगठा आणि तर्जनी स्विचच्या डबीला टेकवून ठेवायचे. हात डबीवर स्थिर, मूठ बाकीच्या बोटांनी अगदी थोडी थोडी फिरवायची. कोपर सैल. एवढ्यानं अर्धे गचके कमी होतात. याला ना पैसे लागतात ना पाना.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: सावकाश चालताना मूठ पूर्ण मिटायचीच नाही. आयडलिंगच्या किंचित वर, जिथं चेनची वरची बाजू ताणलेली राहते, तिथं मूठ धरून ठेवायची आणि तिला विसरायचं. वेग कमी-जास्त करायचा तो मागच्या ब्रेकनं आणि क्लचनं. मागचा ब्रेक अगदी हलका, लागला न लागला इतका. इंजिन पुढं ओढतंय, ब्रेक मागं धरतोय, मधली सगळी ढील ताणलेली. पेट्रोल तुटत नाही, म्हणून भिंत सुकत नाही, म्हणून परत उघडायचा झटकाच उरत नाही. आप्पांनी गॅरेजमध्ये हातानं जी ढील काढली, तीच इथं रस्त्यावर आपण पायानं काढतो.

अर्धा क्लच धरायला बऱ्याच जणांना भीती वाटते, प्लेटा जळतील म्हणून. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तेलात बुडालेल्या अनेक प्लेटांचा असतो, चार चाकीसारखा कोरडा नसतो. कमी रेसवर यू-टर्नपुरता अर्धा क्लच तो सहज सोसतो. जास्त रेसवर चढाला बराच वेळ अर्ध्या क्लचवर गाडी टांगून ठेवणं मात्र वाईट. आणि हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, गाडी तिथंच आडवी होते.

गिअरचं म्हणाल तर, ट्रॅक्टरच्या मागं मी आता वीसच्या वर गेलो की दुसऱ्यातच असतो. पहिल्या गिअरात मुठीची प्रत्येक बारीक हालचाल चाकापर्यंत मोठी होऊन जाते. पंधराच्या खाली मात्र पहिला, कारण दुसऱ्यात इंजिन कण्हायला लागतं आणि चेन फडफडते.

हे सगळं हातात बसल्यावर तोरणमाळला गेलो. चोपडा, शिरपूर, शहादा, आणि पुढं सातपुड्यात वर. वरचं पठार साडेअकराशे मीटरच्या आसपास, आणि तिथं पोचायला सातपायरी घाट. एकावर एक वळणं, काही इतकी तोकडी की पहिल्या गिअरात हँडल जवळजवळ पूर्ण वळवावं लागतं. मागं बायको बसलेली. चढताना मी एकच पाळलं: मूठ वळणात शिरण्याआधी उघडायची, वळणात नाही. वळणाच्या तोंडाशी वेग ब्रेकनं कमी, मूठ किंचित उघडी, चेन ताणलेली, आणि मग नजर वळणाच्या पलीकडच्या टोकाला. गाडी एका ताणात वर येत गेली. वर यशवंत तलावावर चहा घेताना बायकोनं हेल्मेट काढलं, त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "आज एकदाही नाही लागलं."

उतरताना गणित वेगळं. उताराला इंजिनच गाडी धरतं, तिथं मूठ मिटलेली असलीच पाहिजे, आणि मागचा ब्रेक घाटभर धरून ठेवायचा नाही. सतत धरला तर ब्रेकचं तेल उकळतं आणि पायाखालचा पॅडल पोकळ होतो. म्हणून सरळ उतारावर इंजिन ब्रेक, आणि फक्त वळणाच्या जरा आधी मूठ केसभर उघडून चेन वरच्या बाजूला ताणून घ्यायची, मागचा ब्रेक तेवढ्यापुरता. दोन वळणांवर मला ते वेळेत जमलं नाही आणि गाडीनं जुना आचका दिला. वेग कमी होता, मार्ग सुटला नाही. पण उतारावर ही क्रिया हाताला अजून नीट बसलेली नाही, तिचा सराव सातपुड्यातल्या पाल गावाच्या रस्त्यावर चालू आहे.

थंडीत सकाळी मात्र घाई करत नाही. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे चांगलीच थंडी पडते, गार इंजिनाचं आयडलिंग कम्प्युटर स्वतःच वर ठेवतो, आणि त्या वेळी गल्लीतून निघालं तर गाडी न मागता पुढं ढकलते. आयडलिंग खाली येईपर्यंत दारात थांबतो. चेन आठवड्याला पुसतो, कापसाच्या दिवसांत त्याहून लवकर. नवे रबर आले तेव्हा ट्यूबच्या पट्ट्या काढून टाकल्या. चेनची घट्ट जागा पुन्हा दिसायला लागली आहे, म्हणून दिवाळीनंतर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटचा पूर्ण सेट टाकायचा आहे. चाक उतरेलच, तेव्हा रबरही पुन्हा बघू, असं आप्पांनी आताच सांगून ठेवलंय.